सोडून दिलेला मासा

एखाद्या माणसाने भर थंडीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून दिवसभर गळ टाकावा, संध्याकाळी कसाबसा एक मासा लागावा आणि गळ सोडवून त्याने तो पुन्हा नदीत जाऊ द्यावा, हे आपल्याकडे कुणाला सांगितले तर तो पहिला प्रश्न विचारील : खायचा नव्हता तर धरला कशाला? रत्नागिरीच्या बंदरावर उभा जन्म काढलेला दालदी मच्छीमारही हेच विचारील आणि मासळी फक्त बाजारात पाहिलेला सोलापूरचा माणूसही हेच विचारील. अमेरिका आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नद्यांत हजारो माणसे वर्षानुवर्षे हे करीत आली आहेत. त्याला ती क्रूरपणा म्हणत नाहीत, नदीवरचे प्रेम म्हणतात. आपण हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. त्यात हलाल-हरामच्या यादीपलीकडचे काही दडलेले आहे, असे आम्हाला वाटते.

हा मासा म्हणजे स्टीलहेड. जातीने तो रेनबो ट्राउटच. दोघांचे शास्त्रीय नाव एकच. फरक आयुष्याच्या वाटेचा. एकाच नदीत, एकाच वाळूगोट्यांत अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलांपैकी काही जन्मभर गोड्या पाण्यात राहतात. त्यांना ट्राउट म्हणतात. काही पिले एक-दोन वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, समुद्राकडे निघतात, पॅसिफिक महासागरात मोठी होतात आणि अंडी घालण्यासाठी आपल्याच नदीत परत येतात. ती स्टीलहेड. पॅसिफिकमधले सामन मासे अंडी घातल्यावर मरून जातात. स्टीलहेडचे तसे नाही. त्यातले काही पुन्हा समुद्रात जातात आणि दुसऱ्यांदा परततात. ट्राउटच्या पोटी स्टीलहेड जन्मू शकतो आणि स्टीलहेडच्या पोटी ट्राउट. ही गोष्ट पुढे कामी येणार आहे.

त्याला धरण्याची एक रीत म्हणजे फ्लाय फिशिंग. गळाला पिसे, केस आणि दोरे गुंडाळून एक खोटी माशी तयार करायची. तिला वजन नसल्यामुळे जड दोराच्या झोतावर ती पाण्यावर फेकायची. परत आलेला स्टीलहेड नदीत फारसे खात नाही. त्यामुळे तो आमिषाला का तोंड लावतो, हे सांगणे कठीण. दिवसच्या दिवस काहीच लागत नाही. म्हणूनच या छंदाभोवती सब्रची, जवळजवळ इबादतीची भाषा तयार झाली. 1939 मध्ये ली वुल्फ या अमेरिकन लेखकाने मत मांडले की, असा मासा एकदाच धरून संपवण्याइतका स्वस्त नाही. त्यातून धरून सोडण्याची चाल रूढ होत गेली.

पण सोडायची वेळ का आली? मासे संपत चालले होते म्हणून. नद्यांवर धरणे उभी राहिली, काठची जंगले तुटली, पाणी तापले, शेतीकडे वळले. आयडाहो राज्यातल्या क्लिअरवॉटर नदीचे उदाहरण घ्या. मोठ्या अंगाच्या स्टीलहेडसाठी तिची ख्याती होती. तिच्या उत्तरेकडच्या फाट्यावर 1973 मध्ये ड्वॉर्शाक धरण पूर्ण झाले. उंची सुमारे 219 मीटर. माशांना वर जायला वाट ठेवलेली नाही. ही भूमी नेझ पर्स लोकांची. 1855 च्या तहात त्यांनी आपल्या नेहमीच्या ठिकाणी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला होता. हक्क कागदावर राहिला आणि नदी भिंतीआड गेली. भरपाई म्हणून सरकारने धरणाखाली मोठे मत्स्यबीज केंद्र उभारले. नदी घेतली, मासे देतो, असा तो हिशेब होता.

हाच हिशेब जवळजवळ प्रत्येक नदीवर मांडला गेला. केंद्रातल्या पिलांच्या शेपटीजवळचा पाठीवरचा इवलासा मांसल पर कापून ती नदीत सोडतात. पर कापलेला मासा केंद्रातला. तो घरी न्यायला साधारणपणे परवानगी असते. पर शाबूत असलेला मासा रानचा. तो बहुतेक ठिकाणी सोडावाच लागतो. वरवर पाहता सगळ्यांची सोय झाली. वीज मिळाली, मासा मिळाला आणि रानचा मासाही वाचला.

इथे आपल्याला सूरह अल-आराफमधली समुद्रकाठच्या गावाची हकीकत आठवल्यावाचून राहत नाही. त्या लोकांना शनिवारचा दिवस पाळायचा होता. त्या दिवशी मासे धरायचे नव्हते. आणि कसोटी अशी की, नेमके शनिवारीच मासे झुंडीने वर येत, इतर दिवशी फिरकत नसत. तफसीर लिहिणारे सांगतात, लोकांनी युक्ती काढली. आदल्या दिवशी जाळी लावून, चर खणून ठेवायचे आणि मासे रविवारी काढायचे. शनिवारी हात लावला नाही, म्हणजे हुकूम मोडला नाही! यालाच हीला म्हणतात. अक्षर पाळायचे आणि नीयत बुडवायची. त्या लोकांवर ठपका आला तो हुकूम ठाऊक नव्हता म्हणून नव्हे, या चतुराईपायी.

मत्स्यबीज केंद्र हा असाच एक हीला ठरला, असे म्हणावे लागते. नदीवरचा हात आवरायचा नाही आणि माशांचा आकडा मात्र भरून दाखवायचा. आकडाही फार दिवस भरला नाही. ओरेगॉनमधल्या हूड नदीच्या स्टीलहेडवर झालेला अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. बंदिस्त पाळणुकीच्या प्रत्येक पिढीगणिक माशांची रानात वंश वाढवण्याची क्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. हौदात जगायला जे गुण लागतात, ते नदीत उपयोगाचे नसतात. हे मासे रानच्या माशांशी जोडी जमवतात तेव्हा ही दुर्बलता पुढे पसरण्याचा धोका असतो. उलट, माँटाना राज्याने 1974 मध्ये आपल्या नद्यांत केंद्रातले ट्राउट सोडणे थांबवले आणि तिथले रानचे ट्राउट वाढले. देणे बंद केल्यावर वाढ झाली, हे आपल्या दानधर्माच्या कल्पनांनाही विचार करायला लावणारे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. धरून सोडणे हासुद्धा हीलाच नाही का? मारले नाही, म्हणजे गुन्हा नाही, असे गळवाल्याने म्हणावे काय? आपल्या परंपरेत पाण्यातली शिकार एहराममध्येही जायज आहे. माशाला जिबह लागत नाही. पण ती परवानगी रोजीची आहे, खेळाची नाही. जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य करायला हजरत पैगंबरांनी (स.) मनाई केली. विनाकारण मारलेली चिमणी कयामतच्या दिवशी फिर्याद करील, या आशयाची हदीसही आपण लहानपणापासून ऐकतो. चिमणीची फिर्याद असेल तर माशाची का नसावी?

मासा मुका असतो, त्याला दुखत नाही, असे म्हणून आजवर सुटका करून घेतली जाई. 2003 मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, रेनबो ट्राउटच्या डोक्याच्या भागात इजा टिपणारे मज्जातंतू आहेत. ओठात जळजळणारे द्रव्य टोचलेले मासे अंग डोलवीत राहिले, ओठ खड्यांवर घासत राहिले. रेनबो ट्राउट म्हणजे स्टीलहेडचीच जात. गळ रुततो तोही ओठातच. स्वित्झर्लंडने 2008 च्या प्राणिसंरक्षण नियमावलीत सोडून देण्याच्या इराद्याने मासा धरायलाच मनाई केली. खायचा असेल तर धर, नसेल तर त्याला त्रास देऊ नकोस, असा त्यामागचा विचार दिसतो. रत्नागिरीच्या दालद्याचा प्रश्न स्विस कायद्यापर्यंत पोचला म्हणायचा.

इथे आपणही थोडे आत पाहिले पाहिजे. कुर्बानीच्या दिवसांत आपल्याला हिंसेबद्दल प्रश्न विचारले जातात. आपण उत्तर देतो की, आम्ही नाव घेऊन, अन्न म्हणून जीव घेतो आणि तिसरा हिस्सा गरिबांना देतो. हे उत्तर खोटे नाही. पण तेवढ्यावर आपण मोकळे होतो. तो प्राणी कुठे वाढला, त्याला काय खाऊ घातले, बाजारात आणताना ट्रकमध्ये कसे कोंबले, हे आपण विचारीत नाही. सुरी हलाल असली की सगळे हलाल, असे धरून चालतो. गळवाला ‘सोडला’ म्हणून निर्धास्त असतो, आपण ‘नाव घेतले’ म्हणून. दोघांची निर्धास्ती एकाच जातीची आहे.

तरीही गळवाल्याची बाजू ऐकली पाहिजे. थंड पाण्यात, काटा नसलेल्या गळाने, मासा पाण्यातच ठेवून सोडला तर बहुतेक मासे जगतात. पाणी तापलेले असेल तर मात्र अनेक दगावतात. दुसरे असे की, या नद्यांसाठी भांडायला जी माणसे उभी राहिली, त्यात गळवाले पुष्कळ होते. व्हँकूव्हर बेटावरच्या कॅम्पबेल नदीकाठी राहणारे लेखक आणि मॅजिस्ट्रेट रॉडरिक हेग-ब्राउन स्वतः गळ टाकणारे. 1950 च्या दशकात त्यांनी बटल सरोवरावरच्या धरणाला विरोध केला. ते हरले, धरण झाले. पण नदीची बाजू मांडायला कुणीतरी उभे होते.

ओरेगॉनमधले ली स्पेन्सर यांचे उदाहरण तर आम्हाला सर्वात बोलके वाटते. नॉर्थ अम्क्वा नदीला मिळणाऱ्या स्टीमबोट ओढ्यात एक डोह आहे. उन्हाळ्यात ओढा तापला की रानचे स्टीलहेड या थंड डोहात गोळा होतात आणि पावसाची वाट पाहतात. ओढ्यावर मासेमारीला 1932 पासून बंदी आहे. तरी चोरटे या डोहात सुरुंग लावून मासे मारीत. 1999 पासून स्पेन्सर पुढची अनेक वर्षे, हंगामाचे महिनेच्या महिने, आपल्या कुत्रीसह त्या डोहाकाठी मुक्काम करून राहिले. माशांची राखण करायची आणि पाहिले ते वहीत टिपायचे. स्वतः मुख्य नदीवर गळ टाकायला जात तेव्हा माशीच्या गळाचे टोकच कापून टाकीत. मासा येई, माशी तोंडात धरी आणि सोडून देई. त्यांना तेवढे पुरेसे होते. इथे गोष्ट हीला राहत नाही. मौज ठेवून दोष झटकण्याऐवजी या माणसाने मौजेतलाच एक हिस्सा देऊन टाकला.

आणि ज्यांचा हक्क होता त्यांनी हात आवरला, असेही घडले आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या एल्वा नदीवर 1913 आणि 1927 मध्ये पूर्ण झालेली दोन धरणे होती. दोन्हींत माशांना वाट नव्हती. लोअर एल्वा क्लालम या आदिवासी जमातीचे जीवन या नदीवर उभे होते. आपल्या उत्पत्तीचे मानलेले त्यांचे स्थळही धरणाच्या पाण्याखाली गेले होते. अनेक वर्षांच्या झगड्यानंतर 2011 मध्ये धरणे पाडायला सुरुवात झाली आणि 2014 मध्ये काम संपले. पाणी ओसरल्यावर ते स्थळ पुन्हा वर आले. तहाने मिळालेला हक्क हातात असूनही जमातीने दहा वर्षांहून अधिक काळ नदीतली मासेमारी बंद ठेवली. 2023 मध्ये विधी आणि घरच्या चुलीपुरती कोहो सामन धरायची पहिली मुभा त्यांनी घेतली. तिथेही मत्स्यबीज केंद्रावरून वाद झाला, कोर्टकचेरी झाली. कुणीच फरिश्ता नव्हते. पण शनिवारच्या गावाशेजारी हे गाव ठेवून पाहावे.

त्या नदीत आणखी एक गोष्ट घडली. धरणे पडल्यावर उन्हाळी स्टीलहेड वरच्या पात्रात परतले. संशोधकांनी त्यांचे जनुक तपासले, तेव्हा भिंतीआड जवळजवळ शंभर वर्षे अडकलेल्या ट्राउटशी त्यांचे नाते दिसले. किती पिढ्यांनी समुद्र पाहिलाच नव्हता. वाट उघडताच त्यांची पिले समुद्राकडे निघाली. अमानत म्हणजे काय, हे आपण मिंबरवरून पुष्कळदा ऐकतो. त्या मुक्या जिवांनी ती सांभाळली होती.

हे सारे दूर अमेरिकेतले, असे म्हणून आपली सुटका नाही. 1970 च्या दशकापासून आपल्या लोणावळ्याच्या केंद्रात वाढवलेली निळ्या परांच्या महसीरची पिले चांगल्या हेतूने ठिकठिकाणी पाठवली गेली. काही कर्नाटकात कावेरीतही गेली. कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर होता, जो जगात अन्यत्र नाही. बाहेरचे मासे वाढत गेले आणि तो घटत गेला. त्यामागे धरणे, वाळूउपसा, सुरुंग ही कारणेही होतीच. हे ध्यानात आले ते मुख्यतः धरून सोडणाऱ्या गळवाल्यांनी ठेवलेल्या नोंदींमुळे. 2018 मध्ये त्या माशाची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला. नाव मिळाले तेव्हा मासा जवळजवळ गेलेला होता.

मग खायचा नव्हता तर धरला कशाला, याचे उत्तर काय? आमच्या मते, धरण्याला नुसते सोडणे हे उत्तर नाही. हातातला मासा सोडणे सोपे आहे, त्याला दोन मिनिटे लागतात. नदीवरची आपली मिठी सैल करणे कठीण आहे. त्यासाठी वीज, पाणी, वाळू, मौज यातले काही कमी करावे लागते आणि ते दुसऱ्याच्या नव्हे, आपल्या वाट्यातून. जो हे करतो त्याच्या गळाबद्दल आम्ही फार कठोर होणार नाही. जो करीत नाही, त्याने मासा सोडला काय आणि खाल्ला काय, नदीच्या दृष्टीने सारखेच.

शनिवारच्या गावात तीन प्रकारचे लोक होते. काही युक्ती लढवणारे. काही त्यांना अडवणारे. आणि काही स्वतः मासे न धरणारे, पण अडवणाऱ्यांनाच म्हणणारे की, कशाला यांना सांगता, ऐकणार थोडेच आहेत! अडवणारे वाचले आणि युक्तीवाले पकडीत आले, हे स्पष्ट सांगितले आहे. गप्प बसणाऱ्यांचे काय झाले, यावर मुफस्सिरांत एकमत नाही. आपल्यापैकी बहुतेकांची गणती त्या तिसऱ्या घोळक्यात होते, म्हणून ही हकीकत पुन्हा वाचायला हवी.