आधी अंतःकरण

लूकच्या शुभवर्तमानातील परूशी आणि जकातदार यांच्या दृष्टान्ताचा अर्थ आपण फार लवकर लावून मोकळे होतो; परूशी दांभिक, जकातदार प्रांजळ, एवढ्यावर आपले समाधान होते. परंतु प्रभूने त्या परूश्याला कोठेही खोटे बोलताना दाखविलेले नाही. मोशेच्या नियमशास्त्राने जे उपोषण प्रायश्चित्ताच्या दिवशी, म्हणजे वर्षातून एकदाच, सर्वांस विहित केले होते, ते हा गृहस्थ आठवड्यातून दोनदा करीत असे, आणि आपल्या सर्व प्राप्तीचा दशांश देवाला अर्पण करीत असे. हे सारे त्याने खरोखर केले होते. त्याचा दोष असा की, मंदिरात उभा राहूनही त्याची दृष्टी देवाकडे नसून दूर उभ्या असलेल्या एका मनुष्याकडे होती, आणि त्याची प्रार्थना म्हणजे खजिन्यात पुरता भरणा केल्याची पावती होऊन बसली होती. उलट, परकीय सत्तेसाठी स्वकीयांकडून वसुली करणाऱ्या आणि त्यापायी सर्वांच्या तिरस्कारास पात्र झालेल्या त्या जकातदाराजवळ देवापुढे ठेवण्यासारखे काहीच नव्हते. वर पाहण्याचेही धैर्य न झाल्यामुळे त्याने ऊर बडवून केवळ दया मागितली, आणि प्रभूच्या निवाड्यात नीतिमान ठरला तो हाच.

यावरून बाह्य आचार निरर्थक, असे जे अनुमान काही लोक काढतात ते मला मान्य नाही. प्रभू स्वतः शब्बाथ दिवशी सभास्थानात जात असे, वल्हांडण सण पाळीत असे, आणि यार्देन नदीत योहानाच्या हातून बाप्तिस्माही त्याने घेतला. प्रश्न क्रमाचा आहे. आचार अंतःकरणातून निघावा. अंतःकरणाच्या जागी तो उभा राहू शकत नाही.

हा क्रम लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त जितका स्पष्ट दिसतो तितका तो धर्मोपदेशांच्या ग्रंथांतही क्वचितच आढळेल. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, आणि पुन्हा एकत्र आल्यावरही आपले सोवळेओवळे त्यांनी निष्ठेने सांभाळले. पुढे जातिभेद हा ईश्वरनिर्मित नसून मनुष्यनिर्मित आहे, हा विचार त्यांच्या मनात आपोआप उदय पावला, आणि मग कोणाच्याही हातचे अन्नपाणी त्यांना वर्ज्य राहिले नाही. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान दिले. मंडळी म्हटली की नोंदवही आली, दाखला आला, कोण आत आणि कोण बाहेर याचा निर्णय आला. मनाच्या प्रामाणिकपणाची पारख कोणत्याही दप्तरात होत नाही, म्हणून दृश्य खूण हवी, हा आक्षेप क्षुल्लक नाही. १९१९ साली टिळक निवर्तले, त्यामुळे त्याचे उत्तर अनुभवाने देण्याइतका अवधी त्यांना लाभला नाही. तरीही स्वतः बाप्तिस्मा घेऊन वर्षानुवर्षे मंडळीची सेवा केलेल्या मनुष्याने हे द्वार उघडे ठेवले, याचे मोल मला फार वाटते; संस्कार तुच्छ मानून त्यांनी ते उघडले नव्हते, तर ख्रिस्तावर ज्याचे मन जडले आहे त्याने अर्जाच्या निकालाची वाट पाहत उंबऱ्याबाहेर तिष्ठत राहू नये म्हणून उघडले होते.