दुखणें कोणत्या भाषेंत सांगावें ?

मराठींत दुखण्याला शब्द पुष्कळ आहेत. कळ निराळी, ठणका निराळा. चमक, मुरडा, ठसठस, जळजळ यांपैकीं प्रत्येक शब्द व्यथेचा स्वभाव सांगतो. आपल्या घरांतील वृद्ध स्त्री यांतला नेमका शब्द उच्चारते, आणि डॉक्टरांचें निम्में काम तेथेंच होतें. तिला परक्या भाषेंत केवळ ‘दुखतें’ एवढेंच सांगावयास लावलें, तर तिची व्यथा कमी होत नाहीं. ती फक्त मुकी होते.

पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यांत, गुजरातच्या सीमेला लागून, वेवजी नांवाचें गांव आहे. या टापूंत वारली लोकांची वस्ती मोठी. त्यांच्या बोलीला स्वतःची रूढ लिपि नाहीं, आणि राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांतील 22 भाषांत तिचें नांवहि नाहीं. 1960 सालीं मुंबई राज्याचें विभाजन होऊन येथें सीमा आंखली गेली. बोली मात्र दोन्ही बाजूंस पसरलेलीच राहिली. येथील रोग्याला तलासरीस मराठी ऐकूं येते, सीमेपलीकडे गुजराती, आणि औषधाची चिठ्ठी बहुधा इंग्रजीच. ज्या भाषेंत त्याला दुखतें, तिला यांपैकीं कोठेंच आसन नाहीं.

वारली ही मराठीचीच बोली, थोडेंबहुत सर्वांस समजतेंच, असें यावर म्हणण्यांत येतें. आमच्या मतें खरा धोका या ‘थोड्याबहुत’ समजण्यांतच आहे. मुळींच न समजल्यास मनुष्य दुभाषी शोधतो. अर्धवट समजल्यास शोधीत नाहीं. 1980 सालीं अमेरिकेंतील फ्लॉरिडा येथें अठरा वर्षांच्या एका स्पॅनिशभाषी तरुणास बेशुद्धावस्थेंत रुग्णालयांत आणलें. घरच्यांनीं ‘इंतॉक्सिकादो’ हा शब्द वापरला. त्यांच्या बोलींत त्याचा अर्थ खाण्यापिण्यांतून बाधा झाली, एवढाच. डॉक्टरांस तो ओळखीच्या इंग्रजी शब्दासारखा वाटला, आणि त्यांनीं मादक द्रव्याचा अतिरेक ठरविला. मेंदूंतील रक्तस्राव वेळेवर ओळखला गेला नाहीं. तरुणाचे हातपाय कायमचे लुळे पडले.

बरोबर आलेल्या शाळकरी मुलाकडून बोलवून घ्यावें, ही दुसरी तोड. पण जें दुखणें स्त्री नवऱ्यालाहि सांगत नाहीं, तें ती मुलाच्या तोंडून कसें सांगणार ? आणि शस्त्रक्रियेच्या न समजलेल्या कागदावर उमटलेला अंगठा ही संमति नव्हे. ती शरणागति होय.

तेव्हां प्रश्न व्याकरणाचा नसून नीतीचा आहे : भाषेचें ओझें निरोग्यानें वाहावें कीं रोग्यानें ? डॉक्टरांच्या बदल्या होतात, प्रत्येक बदलीला नवी बोली शिकणें कठीण, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु त्यामुळें तें ओझें रोग्यावर टाकण्याचा अधिकार उत्पन्न होत नाहीं. तें संस्थेनें उचललें पाहिजे. गडचिरोलींत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनीं 1986 सालीं स्थापिलेल्या ‘सर्च’ संस्थेनें गांवच्याच स्त्रियांना नवजात अर्भकांची शुश्रूषा शिकविली. त्या गांवांतील नवजातमृत्यूचें प्रमाण निम्म्याहून खालीं आल्याचें 1999 सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झालें. हा पराक्रम एकट्या भाषेचा नव्हे. पण जी आईच्या बोलींत आईशीं बोलते, तिच्याच हातीं तें शास्त्र दिलें होतें. 2005 नंतर ‘आशा’ कार्यकर्तीहि गांवांतूनच निवडण्यांत येऊं लागली. म्हणजे दुभाषी शोधावयास दूर जाणें नको. डॉक्टरांशेजारीं तिला खुर्ची, योग्य मोबदला आणि ‘रोग्याला हें समजलें नाहीं’ असें निर्भयपणें म्हणण्याचा अधिकार, एवढें मिळालें पाहिजे.

मुंबईंतील एखाद्या कचेरींत मराठी बोलण्यास नकार मिळाला, तर आपण संतापतों, आणि तें योग्यच आहे. मात्र जो न्याय आपण आपल्या भाषेसाठीं मागतों, तो वेवजीच्या वारली मातेला नाकारला, तर आपली मागणी न्यायाची न राहतां केवळ संख्याबळाची ठरेल.