डिंकाचा भाव

सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात, निहालांच्या एका वस्तीत एक म्हातारी राहत होती. तिला तीन भाषा येत. बाजारात ती मराठी बोलायची. ज्यांच्या शेतांत तिच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मजुरी केली, त्या कोरकूंशी कोरकू बोलायची. आणि धाकट्या भावाशी निहाली.

निहालीचा एक उपयोग सगळ्या वस्तीला ठाऊक होता. उसनवारीवाला दारात आला, सायबाची गाडी आली, की बहीणभाऊ त्याच्या तोंडावरच निहालीत खुशाल मसलत करायचे. त्याला ओ की ठो कळायचं नाही. भाषा म्हणजे घराला लावलेली कडी होती.

पण लेकाला म्हातारीनं ती भाषा दिली नाही. शाळेत पोरं हसतील, मास्तर रागावेल, असं तिला वाटायचं. मग नातवाला कुठून येणार? मोठी माणसं निहालीत बोलू लागली की आपण खेळायला जायचं, एवढंच त्या पोराला माहीत होतं.

एका उन्हाळ्यात म्हातारीनं आणि भावानं जंगलातून धावड्याचा डिंक जमवला. घरात दुखणं होतं, पैशाची निकड होती. रात्री जेवताना भाऊ मराठीतच म्हणाला, "दीडशेनं गेला तरी देऊन टाकू." पोरानं ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. व्यापाऱ्यानं डिंकाचा एक खडा उचलला, उन्हात धरला, नखानं चिकटलेली साल उकरली. "कचरा लई हाय," म्हणाला, आणि एकशे चाळीस बोलला. म्हातारी दोनशे म्हणाली. तेवढ्यात बाजारात फेरी मारायला गेलेला भाऊ परत आला आणि बहिणीशी निहालीत बोलू लागला. पलीकडचा दुकानदार जास्त देतोय, मागे हटू नको, उठायचं सोंग कर. आकडा मात्र त्यानं तोंडातून काढला नाही. निहालीत चारच्या पुढचे आकडे उसने घेतलेले, ते व्यापाऱ्याला लगेच कळले असते. म्हातारा हुशार होता.

म्हातारी गाठोडं बांधू लागली. व्यापारी नरमला. त्यानं पोराच्या हातात गुळाचा खडा ठेवला आणि सहज विचारलं, "काय रे, घरी किती ठरलं होतं?"

"दीडशे," पोरगं म्हणालं.

व्यापारी हसला आणि त्यानं काटा पुढं ओढला.

परतीच्या वाटेवर म्हातारी बरसली. "समोर बोललो आम्ही, तुले आयकू नाही आलं?"

"आलं ना," पोरगं म्हणालं. "पन मले काय समजते? तुम्ही मले कधी सांगतलंच नाही."

म्हातारी पुढं काही बोलली नाही. घर येईपर्यंत भाऊही नाही.

कडी बाहेरून येणाऱ्यासाठी असते. या घरात ती आतल्या लेकरालाही लागली होती, आणि कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. निहाली बोलणारे आज दोन-अडीच हजारच उरले असतील. कायपर नावाच्या डच अभ्यासकानं 1962 साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. तिच्यात कोरकूचे शब्द भरपूर, मराठी-हिंदीचे आणि द्राविडीही आहेत. पण सुमारे पाव हिस्सा शब्दांना जगात कुठं नातेवाईक सापडत नाही. दूर सायबेरियात, सायान डोंगरांच्या बाजूला, कामास लोकांची अशीच बोलणारे घटत गेलेली एक भाषा होती. फिनलंडचा काई डोन्नर 1912 ते 1914 च्या सुमारास तिथं गेला, तेव्हाच ती बोलणारी मोजकी माणसं राहिली होती. पोरंबाळं रशियन बोलू लागली होती. शेवटी आबालाकोवो गावात क्लावदिया प्लोत्निकोवा ही एकच म्हातारी उरली. बोलायला माणूस नाही, म्हणून ती त्या भाषेत देवाची प्रार्थना करायची, असं सांगतात. 1960 च्या दशकात एस्टोनियाच्या अभ्यासकांनी तिला गाठलं, तिचं बोलणं टेपवर घेतलं. 1989 साली ती गेली. टेप राहिल्या आणि कामासी भाषा तिच्याबरोबर गेली. टेपवरच्या भाषेत कुणी कुणाला जेवायला हाक मारत नाही.

आमच्या म्हातारीला सायबेरिया ठाऊक नव्हता. तिनं त्याच संध्याकाळी उरलेला डिंक पोरापुढं ओतला. पांढरा खडा एका बाजूला, काळा दुसऱ्या बाजूला. "बिडुम, इरार, मोठो," ती मोजू लागली. पोरगं हसलं. भावानं त्याला पाठीत हलकासा धपाटा दिला आणि पुन्हा म्हणायला लावलं. पाणी मागायचं तर निहालीत, शेळी बांधायची तर निहालीत, अशी तिनं सक्ती लावली. पोरगं चुकायचं. चुकलं की सुनेला हसू यायचं, आणि हसता हसता तिलाही चार शब्द येऊ लागले.

पुढच्या साली व्यापाऱ्यानं पुन्हा गुळाचा खडा पुढं केला आणि तोच प्रश्न विचारला. पोरानं गूळ तोंडात टाकला आणि आजीकडं वळून ते निहालीत काहीतरी बोललं. वाक्य मोडकंतोडकं होतं, पण म्हातारीला पुरेसं होतं. तिनं गाठोडं उचललं. व्यापारी मागून हाका मारत आला आणि डिंक एकशे नव्वदनं गेला.

वजनात मात्र त्यानं अर्धा किलो मारलाच.