मागच्यासाठी थांबते ती मौज

“चालायला जाता की गप्पा मारायला?” पहाटे बूट चढवून घराबाहेर पडणाऱ्या माणसाला हा प्रश्न घरात एकदा तरी ऐकावा लागतोच. विचारणाऱ्याचा रोख उघड असतो. व्यायाम करायचा तर घाम गाळून, मुकाट्याने करावा. चौघांनी मिळून हसत-खिदळत दोन फेऱ्या मारायच्या आणि मग अर्धा तास टपरीवर चहा पीत बसायचे, याला का व्यायाम म्हणायचे?

आपल्या जिल्ह्यात अशी चालणारी, धावणारी आणि बोलणारी मंडळे गावोगावी दिसतात. भिंगारच्या भगवान गौतम बुद्ध जॉगिंग पार्कमध्ये जमणारा हरदिन मॉर्निंग ग्रुप नगरकरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. सकाळचे चालणे, योगासने, सभासदाचा वाढदिवस आला की एखादे झाड लावणे, सणावाराला एकत्र येणे असा त्यांचा क्रम. सुट्टीच्या दिवशी चांदबीबी महालाच्या चढावर पाहावे, तर तिथेही पहाटेच्या गारव्यात एकमेकांची चेष्टा करीत चढणारी माणसे भेटतात. या सगळ्या मौजेला काही नैतिक मोल आहे का? की हा नुसताच रिकामा वेळ घालवणे आहे?

असे कोणी विचारले की आपण डॉक्टरांच्या आड लपतो. साखर वाढली आहे, रक्तदाब आहे, गुडघे धरले आहेत, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे. हे सारे खरेच असते. पण तेवढ्याच कारणासाठी निघालेला माणूस बहुधा महिनाभरात कंटाळतो आणि पुन्हा अंथरुणात शिरतो. जो वर्षानुवर्षे जातो, तो सोबतीसाठी जातो. डिसेंबरच्या थंडीत त्याला उठवते ती कोपऱ्यावर आपली वाट पाहत उभ्या असलेल्या तिघांची आठवण. मग हे खरे कारण सांगायला आपल्याला संकोच का वाटतो? कष्टाच्या वेळेचा हिशेब देता येतो, आनंदाच्या वेळेचा देता येत नाही, असे आपण धरून चाललो आहोत.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या प्रश्नाचा नीट विचार केला होता. शरीर जसे थकते तसे मनही थकते, आणि मनाची विश्रांती म्हणजे आनंद, असे त्यांनी मांडले. त्यासाठी त्यांनी एक जुनी गोष्टही दिली आहे. प्रेषित योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळताना दिसला म्हणून काही लोक नाराज झाले. त्यांच्यापैकी एकाच्या हाती धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला सांगितले, पुन्हा सांगितले, आणि मग विचारले, “असे सतत करता येईल का?” तो म्हणाला, “नाही, धनुष्य मोडेल.” माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्याला समजावले. थॉमस तेवढ्यावर थांबत नाहीत. जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्याच्या आनंदावरही विरजण घालतो, त्याच्या वागण्यात त्यांना दोष दिसतो. म्हणजे हसतमुख असणे हा त्यांच्या लेखी सद्गुणाचा भाग आहे.

पण सगळी मौज सारखी नसते. कोणती मौज चांगली, हे ओळखायचे कसे? यासाठी मौजेखातर धावणाऱ्या एका जुन्या मंडळाचा खेळ पाहण्यासारखा आहे.

१९३८ साली मलायातील क्वालालंपूर येथे ए. एस. गिस्पर्ट नावाच्या एका हिशेबतपासनिसाने मित्रांना घेऊन धावण्याचे एक मंडळ सुरू केले. ही मंडळी जिथे जेवत, तिथल्या बेचव जेवणाची थट्टा म्हणून त्या जागेला ‘हॅश हाउस’ म्हणत. तेच नाव मंडळाला मिळाले: हॅश हाउस हॅरियर्स. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूरच्या लढाईत गिस्पर्ट मारले गेले. महायुद्धानंतर त्यांच्या सोबत्यांनी मंडळ पुन्हा उभे केले, आणि आज जगातल्या शेकडो शहरांत त्याच नावाने लोक धावतात आणि चालतात. १९५० मध्ये मंडळाची नोंदणी झाली तेव्हा उद्दिष्टांत व्यायामाबरोबर एक गमतीची गोष्टही होती. आपण समजतो तितके म्हातारे झालेलो नाही, हे वयस्कर सभासदांना पटवून द्यायचे!

यांचा खेळ असा. एक-दोन जण ‘ससा’ होऊन आधी निघतात आणि वाटेवर पिठाच्या किंवा खडूच्या खुणा टाकत जातात. बाकीचे मागून माग काढतात. पण ससा मुद्दाम काही खोट्या वाटाही आखतो. मध्येच खुणा संपतात. मग पुढे धावणारे चहूकडे पांगतात, कुणी डावीकडे जातो, कुणी उजवीकडे, आणि चुकला की परत फिरतो. तोवर मागून येणारे, दमलेले, जाडजूड, वयस्कर असे सगळे तिथे येऊन पोचतात. खरी वाट सापडली की सापडवणारा ‘ऑन ऑन’ अशी हाळी देतो आणि सगळे पुन्हा एकत्र निघतात. चपळ माणूस जास्त धावतो, मंद माणूस कमी चालतो, आणि दोघे साधारण एकाच वेळी मुक्कामी पोचतात.

वरवर पाहता ही पोरकट करमणूक आहे. पण त्यात एक मोठे शहाणपण दडले आहे. मागे पडलेल्यासाठी इथे थांबले जाते आणि त्याला ते जाणवतही नाही. पुढचे लोक त्याच्यावर दया करीत नसतात, ते वाट शोधण्यात गुंतलेले असतात. थांबणे हा उपकार राहत नाही, तो खेळाचा नियम होतो.

हे महत्त्वाचे का आहे, हे ज्याने मंडळातून गळालेला माणूस पाहिला आहे त्यालाच कळेल. तो कधी भांडून जात नाही. आधी तो दोन पावले मागे पडतो. मग बाकीचे वळून पाहतात, थांबतात, आणि कुणीतरी हसत म्हणतो, “या हो काका, सावकाश या.” शब्द प्रेमाचेच असतात. पण काकांच्या मनात ते वेगळे उमटतात. आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो, असे त्यांना वाटते. पुढच्या आठवड्यात ते पाय दुखतोय म्हणून येत नाहीत, नंतर पाहुणे आले म्हणून, आणि एक दिवस येणेच बंद होते. मुले पुण्या-मुंबईला, पत्नी देवाघरी गेलेली, आणि दिवसभरात माणसाशी होणारे बोलणे म्हणजे तेवढा सकाळचा तास. तो तास त्यांनी सोडला तो गुडघ्यांमुळे नव्हे, संकोचामुळे. माणसाला मदत नको असते असे नाही, पण आपण ओझे आहोत हे त्याला सोसत नाही.

म्हणून चांगल्या सोबतीची पहिली खूण ही, की तिच्यात थांबण्याची सोय आधीच केलेली असते. आपल्या मातीला ही गोष्ट नवी नाही. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाताना आपल्याच जिल्ह्यातून जाते. तिचे विसावे ठरलेले असतात. विसावा आला की तरणाबांड वारकरीही बसतो आणि सत्तरीची आजीही बसते. आजीसाठी दिंडी थांबली असे कुणी म्हणत नाही. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला पायी जाणाऱ्या आपल्या लोकांनाही हा अनुभव आहे. भजन म्हणत, रोझरी करीत चालणाऱ्या घोळक्याची गती गाण्याच्या लयीवर बेतलेली असते, आणि त्या लयीत लहान मूलही चालू शकते.

शर्यत वाईट, असे मला म्हणायचे नाही. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना शर्यतीचाच दाखला दिला होता, आणि मैदानावर घड्याळ लावून सराव करणाऱ्या पोरापोरींचे कौतुकच व्हायला हवे. भरतीसाठी धावणाऱ्या मुलाला मागच्यासाठी थांब असे सांगणे अन्यायाचे होईल. पण शर्यत वेगळी आणि सोबत वेगळी. घोटाळा होतो तो सोबतीला जमलेले लोक नकळत शर्यत लावतात तेव्हा. आज किती पावले झाली, कोणाच्या घड्याळात किती किलोमीटर भरले, याचीच चर्चा सुरू झाली की मागच्याला कळते, आपली इथे गरज नाही.

दुसरी खूण हसण्याची. मुंबईचे डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ च्या मार्च महिन्यात अंधेरीच्या लोखंडवाला भागातील बागेत अवघ्या पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. आरंभी एकेकाने विनोद सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचे, अशी पद्धत होती. पण दोनेक आठवड्यांतच चांगले विनोद संपले, आणि कुणाला टोचणारे, कुणाला लाजवणारे विनोद सुरू झाले. काही सभासदांनी नाराजी सांगितली. तेव्हा डॉ. कटारिया यांनी क्लब बंद केला नाही; विनोदच बंद केले आणि विनोदावाचून हसण्याची रीत काढली. पुढे ती जगभर गेली. इथेही तोच धडा आहे. हसणे टिकवायचे असेल तर कुणालाही हसण्याचा विषय व्हावे लागू नये, अशी व्यवस्था त्यांनी केली. आपल्या मंडळांत टोपणनावे पडतात, चेष्टा होते, आणि ती व्हावीही. पण ज्याच्या पोटावरून, रंगावरून, जातीवरून किंवा बेकारीवरून रोज हशा पिकतो, तो वरून हसला तरी घरी जाताना काय घेऊन जातो? थॉमस यांनीही हेच बजावले होते: खेळ आणि थट्टा कुणाला दुखावणारी नसावी, आणि वेळ, जागा व माणूस पाहून असावी.

हॅश मंडळांची एक बाजू मात्र आपण घेण्यासारखी नाही. धावणे संपले की बिअर, हा त्यांच्या मौजेचा ठरलेला भाग, आणि ते स्वतःही त्यावरून स्वतःची थट्टा करतात. आपल्याकडे दारूने मोडलेली घरे सगळ्यांनी पाहिली आहेत. मंडळाची सहल निघाली आणि रात्री बाटली बाहेर आली, तर मोठ्या निर्धाराने पिणे सोडलेल्या सभासदाने काय करायचे? त्याने तिथे बसणे धोक्याचे, आणि उठून जाणे म्हणजे वेगळे पडणे. त्याला कोणी हाकलले नाही, तरी तो बाहेर गेला. ढाब्यावरच्या जेवणाची वर्गणी, सारखे टी-शर्ट, महागडे बूट यांचेही तसेच. पाचशे रुपयांची वर्गणी कुणाला किरकोळ वाटते. कुणाच्या घरात तिच्यासाठी आठवडाभर ओढाताण होते.

आणि जे कधी आलेच नाहीत त्यांचे काय? सकाळी साडेपाचची वेळ कुणाच्या सोयीची आहे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. त्या वेळी घरातली बाई नळाचे पाणी भरत असते, डबे करीत असते. ती चालायला येत नाही याचे कारण तिला आवड नाही असे आपण समजतो. खरे तर घड्याळानेच तिला मागे ठेवलेले असते. कितीतरी जणी घरची कामे आटोपून दुपारनंतर किंवा संध्याकाळी अर्धा तास मोकळ्या असतात; पण तेव्हा मंडळ नसते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला घर सोडतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून हंडे वाहणाऱ्या बायका रोज किती चालतात, हे मोजायला त्यांच्या मनगटावर घड्याळ नसते. त्यांना आणखी चालण्याची गरज नाही, हे खरे. पण हसण्याची, निवांत बसण्याची, कुणीतरी आपली वाट पाहत असण्याची गरज त्यांनाही आहे. आनंद ही श्रीमंतांची चैन आहे असे आपण मानले, तर गरिबाला भाकरी देऊन आपले कर्तव्य संपते. आनंद ही माणसाची गरज आहे असे मानले, तर कर्तव्य तिथे संपत नाही.

बंधुभगिनींनो, म्हणून “चालायला जाता की गप्पा मारायला?” या प्रश्नाला न लाजता “दोन्हींसाठी” असे उत्तर द्यावे. मात्र स्वतःला आणखी एक प्रश्न विचारावा: गेल्या वर्षी आपल्यासोबत असलेले कोण आता दिसत नाही? उत्तरात एखादे नाव आले, तर त्या माणसाला दोष देण्याआधी आपले नियम तपासावेत. वेळ बदलता येईल का? फेरी लहान करून सर्वांनी मिळून दोनदा घेता येईल का? पिंपळाखालच्या बाकावर दहा मिनिटे बसणे हा सगळ्यांचाच नेम करता येईल का? वर्गणीऐवजी प्रत्येकाने घरून डबा आणला तर चालेल का? हे बदल लहान आहेत, त्यांना पैसा लागत नाही. आणि ते कुणाच्या नावाने करू नयेत. “काका, तुमच्यासाठी वेळ बदलली” असे म्हटले की काका पुन्हा ओझे होतात. “उद्यापासून सहा वाजता” एवढेच सांगावे.

मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आपणही घोळक्याने उभे राहतो. आज तिथून निघताना जरा सावकाश निघू या. फाटकापर्यंत पोचायला ज्यांना वेळ लागतो, त्यांनाही काही सांगायचे असते.