रंगविलेली भिंत

मनुष्याने केलेल्या अन्यायाची जी खूण मागे उरते, तिचे पुढे काय करावे? ती समूळ काढून टाकावी, की जशीच्या तशी राहू द्यावी, की तिजवर काही सुंदर रेखाटून तिला निराळा अर्थ द्यावा? हा प्रश्न केवळ पंडितांचा आहे असे वाचकांनी समजू नये. ज्या घरात भावाभावांचे वितुष्ट येऊन अंगणात आडभिंत उभी राहिली, आणि पुढे देवाच्या कृपेने समेट झाला, त्या घरच्या साध्या मनुष्यासही तो पडतो. जर्मनी देशातील बर्लिन शहरी एक प्रसिद्ध भिंत आहे. ती पाहण्याचा योग आम्हांस आला, आणि तिजवरील चित्रे पाहून जे विचार मनात आले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

ज्यांस ह्या भिंतीचा इतिहास ठाऊक नसेल त्यांच्याकरिता तो थोडक्यात सांगतो. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपल्यावर विजयी राष्ट्रांनी जर्मनीचे व तिच्या राजधानीचे विभाग केले, आणि १९४९ साली पूर्व व पश्चिम अशी दोन राज्ये झाली. पश्चिम बर्लिन हे पूर्वेकडील राज्याच्या पोटात एखाद्या बेटासारखे उरले. त्या वाटेने लक्षावधी लोक पूर्वेतून पश्चिमेस निघून जाऊ लागले. तेव्हा १९६१ च्या ऑगस्ट महिन्यात, १२ व १३ तारखांच्या मधल्या रात्री, शहरातून काटेरी तारा ओढण्यात आल्या, आणि पुढे त्यांच्या जागी काँक्रीटची भिंत उभी राहिली. पश्चिम बर्लिनच्या सभोवार तिची लांबी सुमारे १५५ किलोमीटर होती. तिजपायी किमान १४० माणसे प्राणास मुकली. ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री तिचे दरवाजे खुले झाले, आणि अठ्ठावीस वर्षे दुरावलेली माणसे एकमेकांच्या गळा पडली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पूर्वेच्या सरकारने ह्या भिंतीस भिंत म्हटले नाही. तिचे सरकारी नाव ‘फॅसिस्टविरोधी संरक्षक तट’ असे होते. जणू ती लोकांस कोंडण्यासाठी नसून त्यांचे रक्षण करण्यासाठीच उभारली होती! तसेच पूर्वेकडून तिचे अंग पांढरे ठेवीत, ते अशासाठी की तिच्यापुढे पळणारा मनुष्य पहारेकऱ्यांच्या नजरेस चटकन पडावा. अन्यायास प्रथम गोंडस नाव देण्यात येते, आणि मग त्यास चुना फासण्यात येतो. यहेज्केल संदेष्ट्याने कच्च्या भिंतीस चुना लावणाऱ्या खोट्या संदेष्ट्यांविषयी जे सांगितले आहे ते ज्यांनी तेराव्या अध्यायात वाचले आहे, त्यांस ह्याचे नवल वाटणार नाही.

आता चित्रांकडे वळू. भिंतीचा बहुतेक भाग पुढे पाडण्यात आला. परंतु श्प्रे नदीच्या काठी १३१६ मीटर लांबीचा एक भाग उभा राहिला. १९९० साली २१ देशांतील ११८ चित्रकारांनी येऊन त्याच्या पूर्वेकडील अंगावर चित्रे काढली, आणि त्याच वर्षी २८ सप्टेंबरला तो लोकांस खुला झाला. त्यास ‘ईस्ट साइड गॅलरी’ म्हणतात. जेथे पूर्वी हात लावण्याचीही मनाई होती तेथे आता रंगांची झुंबड उडाली आहे. एका चित्रात एक लहानशी मोटार भिंत फोडून बाहेर येत आहे, आणि तिच्या पाटीवर त्या नोव्हेंबरची तारीख आहे. दुसऱ्यात ब्रेझनेव व होनेकर हे दोन साम्यवादी राज्यकर्ते परस्परांचे चुंबन घेत आहेत, आणि ह्या जीवघेण्या प्रीतीतून मला वाचीव अशी देवाची करुणा त्याखाली भाकलेली आहे. आमच्या वाचकांस गेथशेमाने बागेतील चुंबनाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

कोणी म्हणेल की ह्यात शंका घेण्याजोगे काय आहे? बंदिवान सुटला म्हणजे तो गातो. मग त्याने आपल्या तुरुंगाच्या भिंतीवर आनंद रेखाटला तर बिघडले कोठे? हे म्हणणे खोटे नाही, आणि त्या चित्रांतील आनंद आम्हांसही खरा वाटला. परंतु त्याच भिंतीच्या पाठीमागे जी नदी वाहते तिची गोष्ट कोणत्याही रंगात मावणारी नाही. तेथे नदीचे संपूर्ण पात्र पूर्वेच्या हद्दीत होते. १९६६ ते १९७५ ह्या काळात पलीकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या, काठावर खेळणारी पाच मुले पाण्यात पडून बुडाली. त्यांस काढू शकतील अशी माणसे काठावर होती; परंतु पाणी परक्या राज्याचे, म्हणून पाण्यात उतरण्याची सोय नव्हती. पाचवे मूल गेल्यावर १९७५ साली दोन्ही बाजूंत ह्याविषयी करार झाला. आज प्रवासी चित्रांपुढे उभे राहून हसतमुखाने आपली छायाचित्रे काढून घेतात, कोणी आपले नावही भिंतीवर खरडून जातात. ऊनपावसाने व अशा खरडण्याने चित्रे बिघडली, म्हणून २००९ साली ती काढून पुन्हा नव्याने रंगविण्यात आली. काही चित्रकारांनी त्यास नकार दिला. जुनी साक्ष पुन्हा नवी करून लिहिली तर ती तीच साक्ष राहते काय, हा त्यांचा वाद आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

ह्याच शहरात भिंतीची दुसरी एक जागा आहे, आणि ती आमच्या अधिक जवळची आहे. बर्नाउअर रस्त्यावर १८९४ साली बांधलेले ‘समेटाचे मंदिर’ ह्या नावाचे प्रॉटेस्टंट उपासनामंदिर होते. भिंत झाली तेव्हा ते मधल्या पट्टीत सापडले. मंडळीचे बहुतेक सभासद पश्चिमेस, आणि त्यांचे मंदिर भिंतीपलीकडे! १९८५ च्या जानेवारीत सरकारने ते सुरुंग लावून पाडले. त्यानंतर पाच वर्षे पुरी होण्याच्या आत ती भिंतच पडली. त्या जागी मंडळीने नवे लहानसे मंदिर बांधले, आणि ९ नोव्हेंबर २००० रोजी त्याचे समर्पण झाले. त्याच्या भिंती ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या आहेत, आणि त्या मातीत जुन्या मंदिराच्या विटांचे तुकडे मिसळलेले आहेत. तेथील उपासनेत भिंतीपायी मेलेल्यांची चरित्रे वाचली जातात. सभोवार, जेथे पूर्वी मृत्यूचा पहारा होता तेथे, राय नावाचे धान्य पेरतात, व त्याची भाकर होते. तेथे रंग नाही. तेथे फुटक्या विटा आहेत, मृतांची नावे आहेत आणि उभे पीक आहे.

ह्या दोन जागांची तुलना करून एकीस बरे व दुसरीस वाईट ठरविणे आम्हांस रास्त वाटत नाही. नदीकाठची चित्रे भिंत पडल्यावर काढलेली आहेत, हे त्यांच्या बाजूचे मोठे बळ आहे. भिंत पडल्यावर तिजवर काढलेले चित्र ही साक्ष होय. भिंत उभी असता तिला सोसण्याजोगी करण्यासाठी लावलेला रंग हा चुना होय. आणि साक्षीलाही एक अट आहे: चित्र पाहणाऱ्यास येथे कोण मेले हे कळले पाहिजे. ते न कळता नुसते डोळे निवले, तर साक्षीचाही चुना होण्यास वेळ लागत नाही.

भिंती व त्यांवरील लेख ह्यांविषयी पवित्र शास्त्रही मुके नाही. यरुशलेमेच्या मंदिरात परराष्ट्रीयांस पुढे जाण्यास मनाई करणारा एक कठडा होता. त्यावर ग्रीक भाषेत इशाऱ्याचे दगड बसविले होते: परक्याने आत पाऊल टाकले तर स्वतःच्या मरणास तो स्वतःच जबाबदार. असा एक दगड १८७१ साली सापडला, आणि तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. पौल प्रेषित इफिसकरांस लिहिताना, ख्रिस्ताने यहूदी व परराष्ट्रीय ह्यांच्यामधील आडभिंत पाडली असे सांगतो. त्या कठड्यावर अधिक मृदू शब्द कोरावे असे तो म्हणत नाही. भिंत पडली, आणि तीही क्रुसावर वाहिलेल्या रक्ताने, हे त्याचे म्हणणे आहे.

आमच्या वाचकांस भिंत काय असते हे बर्लिनला जाऊन शिकण्याची गरज नाही. पुष्कळांचे वाडवडील गावकुसाबाहेर राहिले. बहुतेक गावांचे गावकूस आज ढासळून गेले आहे, काही ठिकाणी त्याचा दगडही दिसत नाही. परंतु ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द मात्र उभा आहे. बर्लिनचे लोकही म्हणतात की दगडाची भिंत गेली तरी डोक्यातील भिंत जात नाही.

तेव्हा आपण आपल्याच मंडळीकडे पाहू. मंदिराच्या भिंतीवर प्रीतीची वचने सुंदर अक्षरांत रंगविलेली असतात, नाताळात त्यांवर तारे व पताका झळकतात. परंतु सोयरीक जमविताना ‘हे लोक मूळचे कोण?’ असा प्रश्न हळूच विचारला जातो काय? कबरस्थानात एका कुळाची जागा ह्या कडेस व दुसऱ्या कुळाची त्या कडेस, असे आहे काय? बाप्तिस्म्याने एक झालेले दोन वाडे सणाच्या पंगतीस वेगळे बसतात काय? असे जेथे असेल तेथे वचनांचा रंग हा शुद्ध चुना आहे, आणि प्रभूने चुना लावलेल्या कबरांविषयी शास्त्री व परूशी ह्यांस काय ऐकविले हे उपदेशकांस सांगणे नको. आणि जेथे भिंत खरोखर पडली आहे, तेथेही मुलाबाळांस नुसता आनंद दाखवू नये. ती कोणी घातली, तिजपायी कोणी काय सोसले, आणि ती कोणाच्या कृपेने पडली, हे नावानिशी सांगावे. जुन्या विटांचे तुकडे नव्या मातीत मिसळावे ते असे.

वाचकहो, वचने अवश्य रंगवा, रंगात पाप नाही. मात्र कुंचला उचलण्यापूर्वी त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंची माणसे एका मेजाभोवती बसतात की नाही, हे पाहून घ्या. बसत नसतील, तर कुंचला खाली ठेवून पहार हाती घ्या. ज्याने आडभिंत पाडली तो प्रभू ह्या कामी आपणांस बळ देवो.