बांधावर बसा

बसा. इथं, बांधावरच.

वऱ्हाडातली डिसेंबरची संध्याकाळ. काळी जमीन दिवसभराची ऊब सोडते आहे. श्वास सावकाश घ्या. थंडी उतरते आहे.

डाव्या हाताला तूर, शेंगा भरत आलेली. उजव्या हाताला फुलावर आलेला हरभरा. मधे हा हातभर बांध.

अंधार पडू द्या. घाई नाही.

आता तुरीच्या बुडाशी लक्ष असू द्या. शेंगा पोखरून अळी केव्हाच खाली उतरली, मातीत कोषात गेली. आज तिथून पतंग बाहेर येतो आहे. मादी आहे. मळकट, तपकिरी. पंख वाळेपर्यंत ती हलत नाही.

तुम्हीही हलू नका.

तिचं पोट फुलांतल्या मधावर भरतं. जोडी जमते. मग एका रात्री ती बांध ओलांडते. सातबारा कोणाच्या नावावर आहे, याच्याशी तिला काय करायचंय?

हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यावर ती एक अंडं ठेवते. खसखशीएवढं, पिवळसर पांढरं. थोडं पुढे जाऊन दुसरं. कुठंही पुंजका नाही, सगळी एकेकटी.

श्वास सोडा. बघत राहा.

काही दिवसांत अळी निघते. आधी कोवळी पानं खरवडते. घाटे धरले की भोक पाडून डोकं आत घालते, उरलेलं अंग बाहेर. एके काळी कपाशीची बोंडंही हीच अळी पोखरायची. 2002 मध्ये बीटी कपाशी आली, मग तिथं ती कमी झाली. तुरीत आणि हरभऱ्यात ती आहेच.

राग येईल. येऊ द्या. तरी इथून उठू नका.

पावसाळ्यात याच बांधालगत चवळीची ओळ असते. तिच्यावरच्या माव्यावर ढालकिडे पोसतात आणि हळूहळू कपाशीत शिरतात, तिथला मावा खायला. तेही बांध ओलांडूनच येतात. मला हे फार मोलाचं वाटतं. हा बांध दोघांनाही मोकळा आहे.

ऐका. पलीकडच्या शेतातही कोणीतरी जागं आहे.

कामगंध सापळ्यात सलग दोन-तीन रात्री 8 ते 10 पतंग दिसले, तर पंप भरण्याआधी त्याला हाक मारा. त्याच्या तुरीत किती शेंगा पोखरल्यात, विचारा. आपल्या हरभऱ्यातल्या अळ्या त्याला दाखवा. फवारायचं की थांबायचं, ते दोघं मिळून ठरवा.