टनामागे १२ डॉलर

पैसा जिथे पोहोचायला हवा तिथे पोहोचला नाही, की मराठीत 'गळती' हा शब्द आयताच हाताशी असतो. शब्द सोयीचा आहे. छप्पर गळते, नळ गळतो, तशी योजना गळते. कुणी काही केले असे त्यात कुठेच येत नाही. 'टक्केवारी' म्हटले की मात्र एक देणारा आणि एक घेणारा लगेच डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि जरा नीट पाहिले तर खिडकीबाहेर नजर लावून बसलेला तिसराही दिसतो. हुकूमशाही देशांत जाणाऱ्या मानवतावादी मदतीविषयी जगभर जे लिहिले-बोलले जाते, ते बहुतेक गळतीच्या भाषेत असते: राजवट भ्रष्ट होती, म्हणून मदत झिरपून गेली. पण हुकूमशहाने मदतीवर हात मारला ही काही बातमी नव्हे. तो तसे करणार हे गृहीत धरूनच हिशेब मांडायचा असतो. विचारायचे ते हे, की त्याच्या हाताला वाट कुणी करून दिली आणि ती दिसत असूनही कागदावर कुणी येऊ दिली नाही. जबाबदारी ठरवताना किती पैसा गेला यापेक्षा किती लपवला गेला याला अधिक वजन द्यायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे तपासायला इराकच्या 'तेलाच्या बदल्यात अन्न' कार्यक्रमाइतका भरपूर पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल. कुवेतवरील आक्रमणानंतर ऑगस्ट १९९० मध्ये सुरक्षा परिषदेने इराकवर जवळजवळ संपूर्ण व्यापारबंदी घातली. मर्यादित तेल विकून अन्नऔषधे घेण्याचा प्रस्ताव १९९१ मध्येच पुढे आला होता. सद्दाम हुसेन यांनी तो सार्वभौमत्वाचे कारण देऊन धुडकावला. अखेर १९९५ चा ठराव ९८६ आणि त्यापुढच्या वर्षीचा करार झाला. डिसेंबर १९९६ मध्ये तेल बाहेर पडू लागले आणि नोव्हेंबर २००३ मध्ये कार्यक्रम संपेपर्यंत सुमारे ६४ अब्ज डॉलरचे तेल विकले गेले. पैसा न्यूयॉर्कमधल्या, संयुक्त राष्ट्रसंघाच्या ताब्यातल्या खात्यात जमा होई. त्यातून आधी ३० आणि नंतर २५ टक्के कुवेतच्या युद्धभरपाईला जात, २.२ टक्के संयुक्त राष्ट्रसंघाच्या प्रशासकीय खर्चाला, आणि उरलेल्यातून इराकी माणसाचे रेशन येई: माणशी दरमहा ९ किलो पीठ, ३ किलो तांदूळ, २ किलो साखर, शिवाय तेल, चहा, डाळ. म्हणजे ज्याला आपण मदत म्हणतो ती कुणी दिलेली भीक नव्हती. खाणाऱ्याचाच पैसा होता. फक्त तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे होती.

या करारात एक कलम होते. तेल कुणाला विकायचे आणि माल कुणाकडून घ्यायचा, हे बगदाद ठरवणार. पुढचे सगळे या एका वाक्यातून निघाले. १९९९ च्या सुमारास गहू विकणाऱ्यांना सांगण्यात आले, की उम्म कस्र बंदरातून माल आत नेण्याची 'वाहतूक फी' टनामागे १२ डॉलर द्यावी लागेल. इराकचा सर्वांत मोठा गहू पुरवठादार होती ऑस्ट्रेलियाची एडब्ल्यूबी. तिने ही फी आलिया नावाच्या जॉर्डनमधल्या वाहतूक कंपनीमार्फत भरली, आणि त्या कंपनीत इराकी सरकारचीच भागीदारी होती. आलियाने आपले किरकोळ कमिशन ठेवून बाकीचे बगदादला पोहोचते करायचे. एडब्ल्यूबीने ही रक्कम पदरची घातली नाही; गव्हाच्या भावातच ती मिसळली आणि फुगवलेले बिल संयुक्त राष्ट्रसंघाच्या खात्यातून वसूल केले. २००० पासून बहुतेक सर्वच मालावर 'विक्रीपश्चात सेवे'च्या नावाखाली आणखी दहा टक्के बसले. गव्हाला विक्रीपश्चात सेवा ती कसली लागते, हा प्रश्न एखाद्या कारकुनालाही पडायला हवा होता. एकट्या एडब्ल्यूबीकडून सुमारे २२ कोटी अमेरिकी डॉलर असे गेले. पॉल व्होल्कर यांच्या चौकशी समितीने ऑक्टोबर २००५ च्या अहवालात दिलेली एकूण बेरीज १.८ अब्ज डॉलरची आहे, आणि पैसे देणाऱ्या कंपन्या २,२०० हून अधिक.

आता खिडकीबाहेर पाहणाऱ्यांकडे वळू. निर्बंधांवर देखरेख ठेवणारी समिती सुरक्षा परिषदेच्या पंधराही सदस्यांची होती आणि कोणताही सदस्य कंत्राट अडवू शकत होता. ही ताकद वापरलीच गेली नाही असे नाही. अमेरिका आणि ब्रिटन यांनी, लष्करी वापर होऊ शकेल या शंकेवरून, पाणीपुरवठ्याची आणि विजेची कंत्राटे महिनोन्महिने रोखली. २००२ मध्ये अशा अडकलेल्या मालाची किंमत ५ अब्ज डॉलरच्या पुढे गेली होती. पण भाव फुगवलेला दिसतो म्हणून कंत्राट अडवावे असे कुणाला वाटले नाही, अधिकाऱ्यांनी तशा शंका कळवल्या होत्या तरीही. पंपाच्या सुट्या भागात शस्त्र शोधणाऱ्या नजरेला गव्हाच्या बिलातले १२ डॉलर दिसले नाहीत, हे पटणे अवघड आहे. शिवाय १.८ अब्ज ही लहान रक्कम आहे. जॉर्डन, तुर्कस्तान आणि सीरियामार्गे कार्यक्रमाबाहेर विकलेल्या तेलातून सद्दाम यांच्या राजवटीला सुमारे ११ अब्ज डॉलर मिळाले. हा चोरटा व्यापार चोरून चाललेला नव्हता. जॉर्डनच्या तेलखरेदीची समितीने १९९१ मध्येच 'दखल' घेऊन ठेवली होती. तुर्कस्तानच्या सीमेवर टँकरांच्या रांगा लागत आणि वरच्या आकाशात उड्डाणबंदी राबवणारी अमेरिकी व ब्रिटिश विमाने घिरट्या घालत. जॉर्डन आणि तुर्कस्तान ही मित्रराष्ट्रे. निर्बंधांचा सर्वाधिक फटका त्यांच्या व्यापाराला बसला होता आणि त्यांना सांभाळायचे होते. सांभाळावे, राजकारणात तसे करावे लागते. पण मग मोठी रक्कम आपण जाणूनबुजून सोडली, हे लहान रकमेवर गहजब करताना सांगायला हवे होते.

भारतात या प्रकरणाची चर्चा एका नावापाशी सुरू झाली आणि तिथेच संपली. व्होल्कर अहवालात उल्लेख आल्यावर नटवर सिंह यांना आधी परराष्ट्र खाते आणि मग मंत्रिपद सोडावे लागले. त्यांनी आरोप शेवटपर्यंत नाकारले. तो वाद आपल्या पक्षीय राजकारणाचा होता. ज्यांच्या रेशनमधून पैसा कापला गेला ते इराकी त्यात कुठेच नव्हते.

यावर पहिला आणि खरा आक्षेप असा, की दुसरा मार्ग होता कुठे? निवडीचा हक्क दिला नसता तर करार झाला नसता, आणि १९९१ ते १९९६ ही पाच वर्षे त्याची साक्ष आहेत. कार्यक्रम चालला म्हणून मुले जगली, दीर्घ कुपोषणाचे प्रमाण जवळपास एक तृतीयांशावरून एक चतुर्थांशाच्या खाली आले. मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे, आणि त्यामुळेच तडजोड केली हा मी दोष मानत नाही. हुकूमशहाच्या दारातून भुकेल्यापर्यंत जायचे तर उंबरठ्यावर काही ठेवावे लागते. पण जे ठेवले ते खर्च म्हणून लिहिता येते. दहा टक्के जात आहेत हे समितीच्या कागदावर असते, तर पंधरा देशांना दर सहा महिन्यांनी नूतनीकरणाच्या वेळी निवड करावी लागली असती: हे चालवून घ्यायचे की भाव तपासायचे, की खरेदी आपल्या हाती घ्यायची. न लिहिल्यामुळे ही निवड कुणालाच करावी लागली नाही. लपवण्यातला फायदा फक्त सद्दाम यांचा नव्हता. पुरवठादाराचे कंत्राट टिकले, सदस्यराष्ट्रांना अवघड प्रश्न टळले, आणि २.२ टक्क्यांवर चालणाऱ्या यंत्रणेला चाक थांबवण्याची घाई नव्हती.

दुसरा आक्षेप, की असे बोलून आपण हुकूमशहाला सोडून देतो. जबाबदारी म्हणजे भाकरी नव्हे, की एकाच्या ताटात मोठा तुकडा गेला म्हणून दुसऱ्याचा लहान व्हावा. सद्दाम यांची जबाबदारी पुरी होती आणि एडब्ल्यूबीचीही पुरी होती. फरक असलाच तर इतका, की सद्दाम यांना जाब विचारायला इराकमध्ये कुणी उरले नव्हते, आणि मेलबर्नच्या कंपनीला विचारायला संसद, वृत्तपत्रे, न्यायालये सगळे होते. जिथे जाब विचारता येतो तिथला गप्प बसण्याचा गुन्हा मला अधिक वजनाचा वाटतो.

इराकनंतर कुणी शहाणे झाले असे म्हणावे, तर मे २००८ मध्ये नर्गिस वादळाने म्यानमारच्या इरावती खोऱ्यात सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मृत वा बेपत्ता झाल्यावर तीच गोष्ट वेगळ्या वेषात आली. मदतीचे डॉलर लष्करी सरकारच्या परकीय चलन प्रमाणपत्रांत बदलावे लागत. कागदावर एक प्रमाणपत्र म्हणजे एक डॉलर. त्याचे स्थानिक चलन क्यात करायला गेले की डॉलरपेक्षा बरेच कमी हाती येत, काही आठवडे तर चतुर्थांशापर्यंत तूट. सुमारे १ कोटी डॉलर असे गेल्याची कबुली संयुक्त राष्ट्रसंघाने दिली, पण बोभाटा झाल्यावर. मग सीरिया: २०२० मध्ये सरकारी दर आणि बाजारभाव यांतल्या दरीमुळे मदतीच्या प्रत्येक डॉलरमधले सुमारे ५१ सेंट गेले, असा हिशेब अभ्यासकांनी मांडला. विनिमय दर हे फार सभ्य हत्यार आहे. कुणाला पाकीट द्यावे लागत नाही, बँकेची पावती मिळते, लेखापरीक्षक खूण करून पुढे जातो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो. हे सगळे उघड लिहिले तर मदतीच्या शत्रूंच्या हाती आयते कोलीत मिळेल. ही भीती पोकळ नाही: २०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएड ही आपली परदेशी मदतसंस्था गुंडाळली तेव्हा उधळपट्टी आणि लबाडी हेच शब्द पुढे केले गेले. तरीही इराकचा अनुभव उलटे सांगतो. जानेवारी २००४ मध्ये बगदादच्या अल-मदा वृत्तपत्राने सद्दाम यांच्याकडून तेल उचलण्याचा हक्क देणारी कुपने मिळालेल्यांची यादी छापली, तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघाच्या विरोधकांनी त्या यादीचा यथेच्छ वापर केला. शस्त्र त्यांना मिळालेच, फक्त सात वर्षे लपवल्यामुळे ते अधिक धारदार होऊन मिळाले.

नव्या इराकी सरकारने २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात तेलाच्या पैशांचे ते खाते सांभाळणाऱ्या बँकेवर आणि डझनावारी कंपन्यांवर दावा लावला. २०१३ मध्ये तो फेटाळला गेला आणि पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने तो निकाल कायम केला. कारण असे, की दोघे सारखेच दोषी असतील तर एकाला दुसऱ्याकडून भरपाई मागता येत नाही. सद्दाम यांची राजवट हेच तेव्हा इराकचे सरकार होते, त्यामुळे तिचे कृत्य ते इराकचे कृत्य. राज्य तेच राहते, हा नियम दुसऱ्या बाजूनेही लागू झाला. सद्दाम यांच्या आक्रमणाची भरपाई इराक आपल्या तेलातून देत राहिला, आणि २०२२ च्या सुरुवातीला एकूण ५२.४ अब्ज डॉलरच्या भरपाईचा शेवटचा हप्ता फिटला.